लाल गोळ्यांचं कॅलेंडर

गेली सोळा वर्षं मी लोकांच्या उरलेल्या गोळ्या मोजते. दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलात एच.आय.व्ही.ची औषधं देणारं केंद्र आहे, तिथे मी समुपदेशक आहे. हा शब्द मी फक्त मराठी नातेवाइकांना नोकरी समजावून सांगताना वापरते. केंद्रात मला तोंडावर ‘काउन्सेलर मैडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘हेडमास्टरनी’. दुसरं नाव जास्त बरोबर आहे. पेशंट महिन्याला एकदा औषधाची बाटली घेऊन येतो, मी ती स्टीलच्या ट्रेमध्ये ओतते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. तीस दिल्या, अठ्ठावीस दिवस झाले, तर दोन उरायला हव्यात. तीन उरल्या तर माझ्या भुवया वर जातात. सात उरल्या तर त्याची खैर नसते.

एवढं कडक असण्याला कारण आहे. ही गोळी रोज घेतली तर विषाणू रक्तात सापडेनासा होतो आणि माणूस चारचौघांसारखा म्हातारा होतो. अधूनमधून घेतली तर औषध रक्तात असतं, पण पुरेसं नसतं. तेवढ्यात विषाणू वाढतो, बदलतो आणि त्या औषधाला न जुमानणारा निघतो. मग तीच गोळी इमानेइतबारे घेतली तरी फायदा नाही. मी पेशंटना सांगते, झुरळांवर अर्धवट औषध मारलं की उरलेली झुरळं त्या औषधाला हसतात. हे सगळ्यांना पटकन कळतं, कारण झुरळं सगळ्यांच्या घरी असतात.

असा धडा रोज देणाऱ्या मीच एका माणसाला त्या वाटेवर ढकललं होतं, तेही फोनवरच्या एका वाक्याने. ते कसं झालं आणि मी त्याचं पुढे काय केलं, ते सांगायचं आहे.

तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता. नोएडात आईबरोबर राहायचा. आई केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेली, वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. घर मूळचं नागपूरचं, पण त्याचा जन्म, शाळा, दोस्त आणि वाईट सवयी, सगळं दिल्लीचं. एका न्यूज चॅनेलमध्ये तो व्हिडिओ एडिटर होता. कॉलेजात असताना स्मॅक, म्हणजे गर्द, ओढायला लागला, मग सुई आली, आणि कुणाच्या तरी सुईतून एच.आय.व्ही. आला. माझ्याकडे आला तेव्हा सुई सुटायला लागली होती.

तो मराठी आहे हे मला पहिले काही महिने माहीत नव्हतं. एकदा मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते. माझे यजमान इथल्या एका मंत्रालयातून रिटायर झाल्यापासून दिल्लीतल्याच द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचे प्रयोग करतात. मी तावातावाने म्हणत होते, “अहो, आमटीत गूळ घालतात, साखर नाही!” समोर बसलेला हा हळूच म्हणाला, “साखर पण चालते मॅडम. आमची आई घालते.”

“तुझ्या आईला माझा नमस्कार सांग,” मी म्हणाले, “आणि गूळ पाठवते म्हणावं.”

त्या दिवसापासून मी त्याची ताई झाले. केंद्रात सगळा कारभार हिंदीत, पण तो आला की पंधरा मिनिटं मराठीत. त्याची मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांची असते तशी, अर्धी हिंदीवर टेकलेली. मला ती फार आवडायची. हेही सांगून टाकते की पेशंटांत आवडनिवड करायची नसते, आणि तो माझा आवडता होता.

आमच्या इमारतीसमोर पार्किंग आहे, आणि पार्किंगपलीकडे दुसरी इमारत. तिथे सुईची सवय असलेल्यांना रोज एक गोळी देतात. ती गोळी अफूच्याच कुळातली, पण डॉक्टरांच्या ताब्यातली. नर्स ती कुटून जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवते. ती मिळाली की तलफ येत नाही, अंग मोडून येत नाही, माणूस सुईमागे धावत नाही आणि कामावर जातो. हा रोज सकाळी नोएडाहून मेट्रोने यायचा, ती घ्यायचा आणि दुपारच्या शिफ्टला जायचा. जिभेखालची गोळी नीट चालली होती म्हणून आमचीही नीट चालली होती. दोन वर्षं त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडला नव्हता. आमच्या केंद्राच्या डॉक्टरबाई नेहमी म्हणतात की अशा पेशंटची ती गोळी हलली की ही हलते. मी हे वाक्य नव्या मुलींना शिकवतेही. शिकवणं आणि लक्षात असणं यांत मात्र बरंच अंतर आहे.

मग त्याला खोकला सुरू झाला, वजन उतरलं आणि जूनमध्ये क्षय निघाला. एच.आय.व्ही. असलेल्यांना क्षय होतो, त्यात नवल नव्हतं. त्याची औषधं तिसऱ्या खिडकीवर. म्हणजे आता त्याच्या नावाने आमचं हिरवं पुस्तक, पलीकडचं पिवळं कार्ड आणि क्षयाचा वेगळा कागद झाला. कुठल्याच खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीचा कागद उघडत नाही. आमच्याकडे तशी पद्धतच आहे, आपापलं बघायचं.

क्षयाच्या गोळ्या लालसर असतात. मी त्याला सगळं समजावलं. “लघवी केशरी होईल, घाबरू नकोस.”

“नागपुरी संत्र्यासारखी?”

“तशीच. आणि ह्या लाल गोळ्या आपली रोजची गोळी शरीरातून लवकर संपवतात. म्हणून संध्याकाळी आपल्या औषधाची एक जादा गोळी घ्यायची. विसरायचं नाही.”

“बिल्कुल नाही, ताई.”

हे माझंच वाक्य. लाल गोळ्या दुसरं औषध लवकर संपवतात, हे मी स्वतःच्या तोंडाने त्याला सांगितलं होतं.

दहा-बारा दिवसांनी तो तारीख नसताना आला. नाक गळत होतं, डोळ्यांत पाणी, जांभयांवर जांभया. जूनच्या उकाड्यात हातावर काटा आलेला. खुर्चीत नीट बसवत नव्हतं त्याला.

“ताई, ती जिभेखालची गोळी पुरत नाहीये. सकाळी घेतो, दुपारपर्यंत संपून जाते. रात्रभर पाय दुखतात, बिल्कुल झोप नाही. त्यांना सांगा ना डोस वाढवायला.”

मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात सोळा वर्षांचे सगळे पेशंट उभे राहिले. डोस वाढवून घेणारे, गोळी जिभेखालून काढून बाहेर विकणारे, आईच्या आजाराच्या कहाण्या सांगणारे. कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतल्या डॉक्टरांचा फोन आला. तरुण डॉक्टर, नव्यानेच बदलून आलेले. पेशंट माझ्यासमोर बसलाय हे त्यांना माहीत नव्हतं.

“मैडम, आपका पेशंट डोस बढ़ाने को कह रहा है। आप इसे ज़्यादा जानती हैं। भरोसे का है?”

मी म्हणाले, “अभी मत बढ़ाइए, सर। मुझे ठीक नहीं लग रहा।”

फोन ठेवला. तो माझ्याकडे बघत होता.

“ताई, मी दोन वर्षांत एकदा तरी जास्त मागितली का?”

“म्हणूनच तर शंका येते,” मी म्हणाले. “इतके दिवस पुरत होती, मग आताच काय झालं?”

प्रश्न अगदी योग्य होता. फक्त मी तो उत्तर ऐकण्यासाठी विचारला नव्हता, त्याला गप्प करण्यासाठी विचारला होता. तो उठला. दारात म्हणाला, “जी मैडम।”

त्या दिवसापासून तो माझ्याशी हिंदीतच बोलायला लागला. विचारलं तेवढंच उत्तर. मला ते लागलं, पण मी स्वतःची समजूत काढली की चोराला राग येतोच. हो, ‘चोर’ हाच शब्द माझ्या मनात होता. आज लिहितानाही लाज वाटते. पलीकडच्या खिडकीवर तो कधी जायचा, कधी नाही. आमच्याकडे मात्र दर महिन्याला तारखेला हजर. आणि बाटली ओतली की उरलेल्या गोळ्या बरोबर. एक कमी नाही, एक जास्त नाही. मला त्याचीही शंका आली, कारण इतकं बरोबर कुणाचंच नसतं. देवमाणसाचीही एखादी गोळी बेसिनमध्ये पडते.

ऑक्टोबरमध्ये त्याची विषाणूंची वार्षिक तपासणी झाली. दोन वर्षं न सापडणारा विषाणू आता हजारांत होता.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. “मोजणी बरोबर आणि विषाणू एवढा, हे दोन्ही खरं असू शकत नाही,” त्या हिंदीत म्हणाल्या. मग सगळं ठरल्याप्रमाणे. रक्ताचा नमुना, विषाणू औषधाला दाद देतो की नाही या तपासणीसाठी पाठवायचा. तीन महिने घट्ट धरून समुपदेशन, मग पुन्हा मोजणी. विषाणू औषधाला सरावला असेल, तर रोजची सोपी गोळी बंद. मग पुढची औषधं, जास्त गोळ्या, जास्त त्रास, आणि ती निकामी झाली तर हातात फारसं काही उरत नाही. म्हणजे प्रश्न सरळ होता. ह्या मुलाचं औषध अजून जिवंत आहे की मेलं? मी त्याला सांगितलं, “पुढच्या वेळी आईला घेऊन ये.” आईला त्याचं सगळं ठाऊक होतं, कधीपासून. तो “जी” म्हणाला.

आई आली, पण एकटीच. साठी ओलांडलेली, सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीतून तिने आधी एक झाकणाचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मला वाटलं लाडू असतील. पेशंटांच्या आया आणतात. मी झाकण उघडलं तर आत आमच्या पांढऱ्या गोळ्या. बऱ्याच.

“त्याला ओरडू नका,” ती म्हणाली. “हे मी केलंय. एवढी औषधं एकाच दिवशी पोटाला झेपत नव्हती हो. लाल गोळ्या घेतल्या की घाम, उलट्या, तळमळ. म्हणून मी एक दिवस आड केलं. एक दिवस लाल, एक दिवस पांढरी. सगळं बंद करण्यापेक्षा बरं ना? आणि तुम्ही मोजता म्हणून उरलेल्या काढून ठेवत होते. तुम्ही त्याला केंद्रातून काढून टाकाल अशी भीती वाटली.”

मी हेडमास्टरनी. माझ्या मोजणीच्या धाकाने एका आईने गोळ्या डब्यात लपवल्या होत्या. आणि जे नेमकं होऊ नये म्हणून मी मोजत होते, तेच दिवसाआड होत होतं.

मी भडकणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिने पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर, जानेवारीपासूनची पानं तशीच, वर उलटलेली.

आपल्या घरांत कॅलेंडर तारीख बघायला कमी आणि लिहायला जास्त असतं. गॅस कधी लावला, दूधवाला कधी आला नाही, कामवालीने कुठल्या दिवशी दांडी मारली, कुणाचं श्राद्ध, कुणाची डॉक्टरची वेळ, सगळं त्या चौकोनांत. माझ्या सासूबाई लिहायच्या, मी लिहिते. ह्या बाईने आयुष्यभर सरकारी फायली सांभाळल्या होत्या. तिच्या चौकोनांत तर टाचणीएवढ्या अक्षरांत अख्खं घर मावलं होतं.

मे महिन्यात सगळं साधं. ‘नवा गॅस.’ ‘दूध नाही.’ ‘खोकला, डॉ.’ जूनच्या एका चौकोनात ‘लाल सुरू’, भोवती गोल. पुढचे सहा-सात चौकोन शांत. मग ‘जांभया’. मग ‘घाम, पाय दुखतात’. मग ‘झोप नाही’, ‘झोप नाही’, ‘जुलाब’, ‘झोप नाही’. औषधांच्या त्रासाच्या यादीत मी हे कधी वाचलं नव्हतं, पण पलीकडच्या इमारतीच्या दाराशी रोज बघत होते. गोळी न मिळालेल्या माणसाचं अंग असंच करतं.

“आणि ह्या फुल्या कसल्या?” मी विचारलं. काही चौकोनांच्या कोपऱ्यात बारीक फुली होती.

“त्या दिवशी तो तसा घरी आला,” ती म्हणाली.

तसा म्हणजे सुई घेऊन. मी पहिली फुली शोधली. मग त्याचं हिरवं पुस्तक उघडलं. तो तारीख नसताना आला होता, त्या भेटीची नोंद माझ्याच अक्षरात होती: ‘डोस वाढवून मागतो. सावध राहावे.’ पहिली फुली त्यानंतर दुसऱ्या दिवशीची होती.

मी ते पान तळहाताने झाकलं. बाईला वाटलं मी रागावले, ती घाईने म्हणाली, “गणपतीत बघा ना, एक फुली नाही.” खरंच नव्हती. गणपतीचे दहा दिवस तिने लाल गोळ्या पूर्ण बंद ठेवल्या होत्या, मुलगा आरतीला उभा राहू दे म्हणून. पहिले काही चौकोन तसेच, आणि शेवटच्या चारांत: ‘झोपला.’ ‘जेवला.’ ‘झोपला.’ ‘हसला.’ विसर्जनानंतर पुन्हा ‘लाल’, भोवती गोल, आणि आठवड्याने ‘घाम’.

लाल सुरू की त्रास, लाल बंद की झोप, पुन्हा लाल की पुन्हा त्रास. एवढं सरळ मला कुणी प्रशिक्षणातही दाखवलं नव्हतं. लाल गोळी जशी आमची गोळी लवकर संपवत होती, तशीच जिभेखालचीही संपवत होती. तो खरं बोलत होता. दुपारपर्यंत ती खरोखरच संपून जात होती.

मी कॅलेंडर उचललं आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. त्यांना मराठी येत नाही. मी एकेक चौकोन हिंदीत वाचून दाखवला. त्यांनी कॉम्प्युटरवर मार्गदर्शक सूचना उघडल्या, खाली खाली गेल्या आणि बोट ठेवलं. दोन ओळी होत्या. क्षयाच्या ह्या औषधाबरोबर ती गोळी कमी पडू शकते, त्रासाची लक्षणं बघा, डोस वाढवावा लागेल.

“यह तो लिखा हुआ है,” त्या म्हणाल्या.

लिहिलेलंच होतं. तीच फाइल माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्येही होती. मला तेव्हा स्वतःचा इतका संताप आला की रडू यायला हवं होतं ते आलंच नाही. बरंच झालं. रडले असते तर मोकळी झाले असते आणि घरी गेले असते. मी कागद घेतला, जूनपासूनचे चौकोन हिंदीत उतरवून काढले, आणि पार्किंग ओलांडून पलीकडे गेले. सोळा वर्षांत त्या इमारतीत मी मोजून तीन-चारदा गेले असेन.

तरुण डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “मैडम, मैंने आपसे पूछा था।”

“पूछा था,” मी म्हणाले. “और मैंने ग़लत बताया। वो सच बोल रहा था।”

ते भले गृहस्थ होते. पिवळं कार्ड मागवलं आणि डोस कसा टप्प्याटप्प्याने वाढवायचा ते लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याला घेऊन आली. गाल आत गेलेले, हाताला ताज्या खुणा. मी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं की चूक माझी होती, तू खरं बोलत होतास, मी ऐकलं नाही, मला माफ कर. आधी नीट पाठ करून आले होते.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “चलो, ठीक है मैडम।”

माफी मागितली की समोरचा विरघळतो असं आपल्याला उगीच वाटतं. तो विरघळला नाही, आणि त्याने का विरघळावं? माझं काम माफी मिळवण्याचं नव्हतंच. औषध अजून जिवंत असेल तर ते जिवंत ठेवायचं, हे काम होतं. मी कंबर कसली. क्षयाच्या डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासून उपचार लांबवले. मी त्यांच्या खिडकीवर भांडून त्याच्या लाल गोळ्या आमच्याकडे ठेवून घेतल्या. रोज सकाळी सव्वानऊला तो यायचा. आधी आम्ही दोघं पार्किंग ओलांडायचो, तिथे जिभेखालची गोळी विरघळेपर्यंत मी बाकावर बसायचे, मग परत येऊन माझ्यासमोर लाल आणि पांढरी. संध्याकाळची जादा गोळी आईच्या हातून, आणि चौकोनात बरोबरची खूण. द्वारकेहून वेळेवर पोचायला मी नेहमीच्या आधीची मेट्रो पकडायला लागले. तो ब्ल्यू लाइनच्या एका टोकाकडून यायचा आणि मी दुसऱ्या.

रविवारी केंद्र बंद, पण पलीकडची खिडकी चालू असते. पहिल्या रविवारी मी चपला घालताना यजमान म्हणाले, “तू काय त्याची आई आहेस का?”

“नाही,” मी म्हणाले. “त्याला आई आहे. मी चूक केलेली बाई आहे. तुम्ही आमटी करा.”

डोस वाढल्यावर दहाएक दिवसांत जांभया थांबल्या. फुल्या विरळ झाल्या, डिसेंबरमध्ये शेवटची. थंडीत धुक्याने मेट्रोबाहेरचं काही दिसायचं नाही, पण तो यायचा, मफलर गुंडाळून. आम्ही फारसं बोलत नव्हतो. एकदा बाकावर बसल्या बसल्या जिभेखाली गोळी असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, आणि मी मात्र यजमानांनी भरल्या वांग्यांचा कसा सत्यानाश केला ते सांगत सुटले होते. त्याच्या खांद्यांवरून कळलं की तो हसतोय.

त्याच दिवसांत मी जुनी पुस्तकं काढली. क्षयाची औषधं आणि जिभेखालची गोळी दोन्ही चालू असलेले आणखी कोण होते? दोघं सापडले, दोघांच्याही पानावर माझं अक्षर: ‘डोस वाढवून मागतो.’ एकाला शोधून परत आणलं. दुसऱ्याचा फोन आजही बंद लागतो. मी तो नंबर अजून लावते.

जानेवारीत तपासणीचा निकाल आला. आमच्या रोजच्या एका गोळीत तीन औषधं असतात. डॉक्टरबाईंनी त्याला जवळ बसवून समजावलं, मी शेजारी होते. तिघांपैकी एकाला विषाणू आता जुमानत नव्हता. उरलेली दोन शाबूत होती, आणि मुख्य जे, ते त्यांतच होतं. गोळी तीच पुढे चालू ठेवता येणार होती, पण आता चुकवायला जागा उरली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो म्हणाला, “म्हणजे एक गेलं.”

मराठीत म्हणाला. सात महिन्यांनी.

“गेलं,” मी म्हणाले.

“वापस नाही येणार?”

“नाही. ते आता तुझ्या रक्तात कायमचं लिहिलं गेलं.”

“ताई, आईला नका सांगू हां, एक दिवस आड केल्याने झालं म्हणून. तिला सहन नाही होणार.”

“ते एक दिवस आडमुळे नाही झालं रे. माझ्या फोनमुळे झालं.”

“दोन्हीमुळे झालं,” तो शांतपणे म्हणाला. “आणि मी सुई परत घेतली, त्याच्याने पण. पण आईला नका सांगू.”

मी सांगितलं नाही. त्याच्या आईला मी एवढंच म्हटलं की तुमच्या कॅलेंडरने त्याची दोन औषधं वाचवली. तेही खरंच आहे. फेब्रुवारीच्या मोजणीत विषाणू पुन्हा सापडेनासा झाला. त्या दिवशी मी घरी जाऊन आमटीत मुद्दाम साखर घातली. यजमानांनी दोनदा वाढून घेतली.

आता हिरव्या पुस्तकात पहिल्याच पानाला मी एक कागद चिकटवते. दुसऱ्या कुठल्या खिडकीवरून काय मिळतं ते त्यावर लिहून घेते, आणि ट्रे पुढे ओढण्याआधी विचारते, नवीन औषध सुरू झाल्यापासून अंगाला काय वेगळं वाटतं? विचारल्यावर मी गप्प बसते. हे मला सगळ्यात अवघड जातं.

क्षयाचा उपचार यंदा जूनमध्ये संपला. लाल गोळ्या थांबल्या. दोन-अडीच आठवड्यांनी तो आला, तारीख नसताना. डोळे जड, बोलणं संथ. जुनी सवय लगेच उठून उभी राहिली.

मी हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, “काय होतंय?”

“ताई, जिभेखालची गोळी जास्त होते आता. दिवसभर डोळे मिटतात, एडिटिंगवर बसलो की डुलकी. लाल बंद झाली ना, म्हणून असेल. त्यांना डोस कमी करायला सांगितलं मी.”

डोस कमी करायला. सोळा वर्षांत माझ्याकडे असं कुणी मागितलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचेच डॉक्टर.

“मैडम, आपका पेशंट कह रहा है डोस घटा दो। कल ही घटा दूँ? आपको क्या लगता है?”

समोर तो बसला होता, वर्षापूर्वी बसला होता त्याच खुर्चीत, आणि माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “मुझसे मत पूछिए, सर। इसी से पूछिए।”

आणि फोन त्याच्या हातात दिला.